अंकांची होळी आणि एक खुलासा

जालना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तुझा हुंदका ऐकला आणि मी फारसं बोललो नाही. रडत्या माणसाशी वाद घालू नये. आज सकाळी गांधी चमनकडे चहाला गेलो, तर त्या सायंदैनिकाच्या कचेरीपुढे जळक्या कागदाचा काळा गोल अजून दिसत होता. अंकांची होळी तुम्हीच केलीत, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. फोटोत तुझ्या क्लासची पोरं ओळखू आली.

मग अंक मिळवून तो अर्ध्या पानाचा मजकूर वाचला, आणि त्याला उत्तर म्हणून तू काढलेलं पत्रकही. २५ जूनला मायकल जॅक्सनची पुण्यतिथी, म्हणून शिळ्या कढीला ऊत आणलाय. गोरं व्हायला कातडी सोलून घेतली, दीडशे वर्षं जगायला ऑक्सिजनच्या पेटीत झोपायचा, मुलांवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात पैसे चारून सुटला. तिन्ही गोष्टी तुझ्या लहानपणापासून, त्यातल्या दोन तर तुझ्या जन्माआधीपासून फिरतायत.

तुला राग आला तो रास्त आहे. हे आधीच लिहितो, कारण पुढे मी तुला बोलणार आहे. ज्याचं नाचणं बघून तू शहाबादी फरशीवर मोजे घालून मागे सरकायला शिकलीस, घरच्यांची बोलणी खात क्लास उभा केलास, त्याच्याबद्दल कुणीही काहीही छापावं आणि तू गप्प बसावं, असं मी म्हणणार नाही. २००९ ला तो गेला तेव्हा तू पाच वर्षांची असशील. तरीही तुझं दुःख खरं आहे. फ्रान्समधल्या ऑर्लेआं शहराच्या न्यायालयाने चाहत्यांचं असलं दुःख २०१४ साली मान्य केलं. जॅक्सनच्या डॉक्टरला २०११ मध्ये त्याच्या मृत्यूबद्दल दोषी ठरवलं होतं. त्या डॉक्टरविरुद्ध चौतीस चाहत्यांनी दावा लावला आणि त्यातल्या पाच जणांना मानसिक त्रासाची भरपाई मिळाली, प्रत्येकी एक युरो. त्या पाच जणांनी डॉक्टरांचे दाखले आणि साक्षी दिल्या होत्या. बाकीच्यांचं दुःख कमी होतं असं मला वाटत नाही. त्यांना ते दाखवता आलं नाही, एवढंच.

आता एक गोष्ट सांगतो, जी तुला कधी सांगितली नाही.

१९९६ साली मी इथल्याच एका दैनिकात उपसंपादक होतो. रविवारची पुरवणी माझ्याकडे असायची. १ नोव्हेंबरला मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलात जॅक्सनचा कार्यक्रम होता. आपल्या इथल्या ऑर्केस्ट्रातला एक पोरगा त्यासाठी लाल डब्यात रात्र काढून मुंबईला गेला होता, इतकी हवा होती. पुरवणीला मजकूर हवा होता. इंग्रजी मासिकांची कात्रणं समोर घेऊन मी चारशे शब्द जुळवले आणि मथळा दिला, 'काळ्याचा गोरा झाला'. पान जुळवायच्या बटर पेपरवर तो मथळा नेमका कॉलमात बसला म्हणून मी खूश झालो. हे कुणी सांगितलं, कशावरून, असं डेस्कवर एकानेही विचारलं नाही. मी स्वतःलाही विचारलं नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, कोड आहे. तू तिला पाहिलं आहेस, पण तोवर तिने लपवणं सोडून दिलं होतं. त्या काळी ती जालन्याच्या मे महिन्यातही मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची. पाहुण्यांना ताक द्यायचं तर पेला ताटलीत ठेवून ताटली खालून धरायची, म्हणजे बोटं दिसत नाहीत. तरी काही जण पेल्याला हात न लावता उठायचे. कोड लागट नसतं, हे सांगून सांगून आई थकली. तीन स्थळं बोलणी होऊन फिरली. चौथ्यासाठी वडील गेलेच नाहीत.

त्या रविवारी अक्का भाकरी थापता थापता पुरवणी वाचत होती. पानाच्या कडेला तिची पिठाची बोटं उमटली होती. मला म्हणाली, "तुला काय ठावं, त्याला कोड नसंल म्हणून?" मोठ्या लोकांचं वेगळं असतं, असं काहीतरी मी बोललो. तिने पान दुमडलं, भाकरीच्या दुरडीखाली सारलं आणि पुढचा गोळा मळायला घेतला.

अक्काचं बरोबर होतं. त्वचेचा रंग जाण्याचा आजार आपल्याला आहे, हे जॅक्सनने १० फेब्रुवारी १९९३ ला अमेरिकेतल्या टीव्ही निवेदिका ओप्रा विन्फ्री यांना दिलेल्या मुलाखतीत स्वतः सांगितलं होतं. माझा मथळा त्यानंतर पावणेचार वर्षांनी आला. तो गेल्यावर, २०१० च्या फेब्रुवारीत, शवविच्छेदनाचा पूर्ण अहवाल खुला झाला. त्यात व्हिटिलिगो, म्हणजे आपलं कोड, स्वच्छ नोंदवलेलं होतं. ती बातमी मी एका कॉलमात लावली आणि शेवटी ओळ टाकली की, आमच्या पुरवणीने १९९६ साली छापलेलं चूक होतं. संपादक म्हणाले, इतक्या वर्षांपूर्वीचं आता कुणाला आठवतंय? तरी छापू दिलं. अंक अक्काला नेऊन दिला. तिने चष्मा लावून वाचला आणि कात्री मागितली.

म्हणून तुझं पत्रक वाचताना मी एका वाक्यापाशी अडखळलो. तू लिहिलंस, 'त्याने त्वचेला आयुष्यात काहीही लावलं नाही.' हे कशावरून? कोड अंगभर पसरलं की उरलेली सावळी त्वचा क्रीम लावून उजळवतात, म्हणजे सगळा रंग एकसारखा दिसतो. ही डॉक्टरी उपचारपद्धत आहे. तसली क्रीमं त्याच्या घरात सापडली होती. उद्या त्या सायंदैनिकाने क्रीमची बातमी तुझ्यापुढे टाकली, तर तुझं खोटं वाक्य पडेलच आणि त्याच्याबरोबर कोडाचं खरं वाक्यही पडेल. ते खरं वाक्य आपल्या गावात कुणाकुणाच्या उपयोगाचं आहे, हे तुला आता कळलं असेल. 'त्याला कोड होतं, शवविच्छेदनात नोंद आहे, उपचार म्हणून क्रीम लावायचा' एवढं लिही.

ऑक्सिजनच्या पेटीचा विषय सोडून दे. १९८६ साली तो फोटो अमेरिकेतल्या एका साप्ताहिकाने छापला आणि ती कहाणी पसरवण्यात त्याचा स्वतःचा हात होता, असं त्याच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. तरुणपणी त्याला वाटलं असेल, होऊ दे चर्चा. पुढे ती चर्चा त्याच्या हातात राहिली नाही. यात भांडण्याजोगं काही नाही.

मुलांच्या आरोपांबद्दल मात्र सावकाश लिहितो, तूही सावकाश वाच. १९९३ च्या आरोपानंतरचा दिवाणी दावा १९९४ मध्ये पैसे देऊन मिटला, त्यात फौजदारी आरोपपत्र झालं नाही. पुढे वेगळ्या प्रकरणात कॅलिफोर्नियात खटला चालला आणि १३ जून २००५ ला ज्यूरीने सगळ्या १४ आरोपांतून त्याची निर्दोष मुक्तता केली. 'पैसे चारून सुटला' हे वाक्य या दोन वेगळ्या गोष्टींची गोधडी शिवतं, आणि ती उसवून दाखवायचा तुला पूर्ण हक्क आहे. २०१९ च्या माहितीपटात दोन पुरुषांनी लहानपणच्या अत्याचाराचे आरोप केले. त्यातल्या एकाने २००५ च्या खटल्यात जॅक्सनच्या बाजूने साक्ष दिली होती. हेही खरं आहे, तू सांगू शकतेस. पण त्याच्या कंपन्यांवरचे त्या दोघांचे दावे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने पुन्हा चालू करायला परवानगी दिली, हेही तितकंच खरं आहे आणि तेही तुला सांगावं लागेल.

तुझ्या पत्रकात पुढे आहे, 'असली माणसं वीस वर्षांनी तोंड उघडतात ती पैशासाठीच.' हे वाचून मला झोप लागली नाही. तुझ्या क्लासमध्ये चाळीसेक पोरं येतात, आठ-दहा वर्षांचीसुद्धा. त्यातल्या एखाद्याला घरात, शिकवणीत, कुठेतरी त्रास झाला असेल आणि ते कुणाला सांगावं याचा तो विचार करत असेल, तर तो आधी तुझ्याकडे बघेल. ताई काय म्हणते? ताईने तर लिहून ठेवलंय की उशिरा बोलणारे खोटारडे असतात. तू त्या पोराला उद्देशून लिहिलं नव्हतंस, मला माहीत आहे. वाचणार मात्र तोच आहे. ते वाक्य काढ. जिथे जिथे गेलंय तिथून काढ, आणि पोरांना बसवून सांग की ताई चुकली.

कायद्याचं विचारलं होतंस. मेलेल्या माणसाची बदनामी आपल्याकडे गुन्हा ठरू शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या स्पष्टीकरणात ते आहे. पण तो मजकूर कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला हवा. चाहते त्यात बसत नाहीत, म्हणून पोलीस ठाण्यात बसून दिवस घालवू नकोस. वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे मात्र कुणालाही जाता येतं. आधी संपादकांना लेखी कळवायचं, त्यांनी दाद दिली नाही तर दैनिकाच्या बाबतीत छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करायची. कौन्सिल दंड करत नाही. ताकीद देते, ताशेरे ओढते. तुला ते किरकोळ वाटेल, पण कचेरीत त्याची धास्ती असते. आणि वेळ लागतोच. जॅक्सनचा चेहरा विद्रूप झाल्याचं सांगत ब्रिटनच्या 'डेली मिरर'ने १९९२ साली फोटो छापला, त्याने खटला भरला आणि माफी आली १९९८ ला. त्या सहा वर्षांत त्याने कुणाची कचेरी जाळली नाही.

आधी खुलासा लिहू. एका पानाच्या आत. तारीख, पान क्रमांक, मजकुराचं शीर्षक. चुकीचं वाक्य जसंच्या तसं अवतरणात. त्याखाली खरं काय आणि ते कुठे नोंदलंय. एका खुलाशात एकच मुद्दा, आणि तो कोडाचा घे, कारण त्यावर शवविच्छेदनाचा शिक्का आहे. 'निषेध', 'षड्‌यंत्र', 'कोट्यवधी चाहते' हे शब्द नकोत. मी पंचवीस वर्षं असे कागद उघडले आहेत. पहिल्याच ओळीत धमकी दिसली की तो कागद टोपलीत जायचा. तारीख आणि पान क्रमांक दिसला की संपादक खुर्चीत सरळ बसायचे.

ज्या मुलाच्या नावाने तो मजकूर छापलाय, त्याचा नंबर तुमच्यापैकी कुणी सगळीकडे पसरवला? पहाटे तीनपर्यंत त्याला फोन येत होते. एक फोन त्याच्या आईने उचलला आणि तिला काय काय ऐकावं लागलं, ते मी लिहिणार नाही. तो मुलगा तुझ्याच वयाचा आहे. तुटपुंज्या मानधनावर राबतो, रोज दोन पानं भरून देतो. वर्षापूर्वीच्या इंटरनेटवरच्या मजकुरावरून त्याने हे उचललं असणार. १९९६ साली मीही असाच होतो. त्याला कुणीतरी ठणकावून सांगायला हवं, ते मी सांगेन. पण तुझ्या जॅक्सनच्या नावाने त्या माऊलीला शिव्या बसल्या, त्याचं काय करायचं? जॅक्सन स्वतः जन्मभर असल्याच गोष्टींनी हैराण झाला होता.

शनिवारी सकाळी दहाला माझ्याकडे ये. आधी त्या मुलाच्या घरी जाऊ. घर मला माहीत आहे, नव्या जालन्यात आहे. मी दारापर्यंत येईन, त्याच्या आईशी बोलायचं तू. तिथून परत येऊन खुलासा लिहू. अक्का म्हणते, तिचं कात्रणही जोड. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने ते कपाटात ठेवलंय, झेरॉक्स काढून लगेच परत द्यायचं, अशी अट आहे.

खुलाशाच्या दोन प्रती काढ. एक कचेरीत दे, दुसरीवर सहीशिक्क्याची पोच घे.

तुझा,
काका