खेड्यात राहणाऱ्या आई-वडिलांसाठी टीव्ही: छत्री बसवावी की इंटरनेट घ्यावं?

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न मला असा समजला: शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गाव, घरात आई-वडील दोघंच. गावातल्या केबलवाल्याने धंदा बंद केला. तुम्ही पुण्यात. महिन्याला ३०० रुपये घालायची तयारी आहे, पण छत्री बसवावी की स्मार्ट टीव्ही आणून इंटरनेट जोडावं, हे ठरत नाहीये. वडिलांना बातम्या आणि क्रिकेट, आईला मालिका.

मी शेजारच्या चोपडा तालुक्यातला. केळीची शेती आहे, आई आणि आप्पा माझ्यासोबतच राहतात, आणि तुम्ही लिहिलेले सगळे प्रकार आमच्या घरात येऊन गेलेत. माझं मत आधीच सांगतो: छत्री बसवा. इंटरनेट नंतर, जमलं तर. कारण पुण्याला फोन न लावता आईला संध्याकाळी टीव्ही सुरू करता आला पाहिजे. तिला तो जमत नसेल तर त्यावर हजार वाहिन्या असल्या तरी घर गप्पच राहतं.

आता छत्री कोणती. पहिला पर्याय दूरदर्शनची फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही सेवा आजही पूर्ण मोफत आहे. छत्री, डबा (सेट टॉप बॉक्स) आणि वायर यांचा एकदाच साधारण दीड-दोन हजार खर्च, नंतर रिचार्ज नाही. डबा घेताना एमपेग-४ चाच मागा, ही चित्र पाठवायची नवी पद्धत. बाजारात अजून जुने एमपेग-२ वाले डबे पडून असतात, थोडे स्वस्त मिळतात, पण त्यावर कमी वाहिन्या दिसतात आणि मग परत पैसे जातात. फ्री डिशवर सह्याद्री वाहिनी आहे, बातम्या आहेत, भक्तीच्या वाहिन्या आहेत, हिंदी सिनेमे भरपूर. खासगी वाहिन्यांना तिथली जागा लिलावात घ्यावी लागते, म्हणून त्या येतात-जातात. आज दिसणारी मराठी सिनेमाची वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. असं झालं की आधी डब्यावर वाहिन्या पुन्हा शोधायला लावा. रिमोटवर ते बटण असतं, अर्ध्या वेळा तेवढ्यानेच काम होतं.

तुमच्या वडिलांच्या क्रिकेटचं निम्मं काम फ्री डिशवरच भागतं, हे फार लोकांना माहीत नसतं. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीला दूरदर्शनला द्यावंच लागतं. विश्वचषकातले भारताचे सामने त्यामुळे डीडी स्पोर्ट्सवर दिसतात. आयपीएलला मात्र हा कायदा लागू नाही.

आईच्या मालिकांचं गणित वेगळं. झी मराठी आणि स्टार प्रवाह या सशुल्क वाहिन्या आहेत, त्या फ्री डिशवर मिळत नाहीत. आई रात्री सात ते दहा या मालिकाच बघत असेल तर फ्री डिश बसवून तुम्ही पैसे वाचवाल आणि तिची संध्याकाळ घालवाल. आमच्याकडे नेमकं हेच झालं. आप्पा खूश, आणि आई रोज संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायची. काही बोलली नाही. महिनाभराने माझ्या लक्षात आलं तेव्हा फार वाईट वाटलं.

म्हणून आधी आईला विचारा, आणि 'तुला काय हवं' असं नका विचारू. त्यावर खेड्यातली कुठलीही आई 'मला काय, काहीही चालतं' म्हणते. केबल असताना ती कोणत्या वेळी कोणती वाहिनी लावायची, ते विचारा. उत्तरात मालिका आल्या तर सशुल्क डीटीएच घ्या, म्हणजे छत्रीच, पण खासगी कंपनीची आणि रिचार्जवाली. टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, डी-टू-एच, यातलं जे दुरुस्त करणारा माणूस तुमच्या गावाला सगळ्यात जवळ असेल ते. खरंच, निवड यावरूनच करा. शिरपूरहून अर्ध्या दिवसात येणारा माणूस हा कुठल्याही जाहिरातीतल्या सवलतीपेक्षा मोलाचा. आणि एका कंपनीचा डबा दुसरीला चालत नाही, म्हणून हा विचार आधीच करायचा.

३०० रुपयांत बसवायचं कसं? दुकानदार नेहमी मोठा पॅक गळ्यात मारतो, त्यात तमिळपासून कार्टूनपर्यंत सगळं. तो घेऊ नका. २०१९ पासून सुट्ट्या वाहिन्या निवडायचा हक्क ग्राहकाला आहे, आणि प्रत्येक सशुल्क वाहिनीचा दर जाहीर असतो. मोफत वाहिन्या मूळ आकारात येतातच. त्यावर आईच्या दोन-तीन मराठी वाहिन्या आणि वडिलांची एखादी खेळाची जोडा. हे सगळं कंपनीच्या ॲपवरून तुम्ही पुण्यात बसून करू शकता, रिचार्जसुद्धा. आमचं बिल कर धरून अडीचशेच्या थोडं पुढे जातं. फक्त एचडी घेऊ नका. ३२ इंची टीव्हीवर दहा फुटांवरून आई-वडिलांना फरक जाणवणार नाही, आणि वाहिनीचा दर मात्र वाढतो.

दोन्ही का नको, असं तुम्ही विचाराल. फ्री डिश आणि डीटीएच दोन्ही मी एकाच टीव्हीला लावून पाहिलं. दोन डबे, तीन रिमोट, आणि एकावरून दुसऱ्यावर जायला 'सोर्स' बटण. आप्पांनी चुकून ते दाबलं की निळा पडदा, आणि मग मी शेतातून येईपर्यंत टीव्ही बंद. एका टीव्हीला एकच डबा ठेवा.

आता छत्री बसवण्याविषयी जरा जास्त लिहितो, कारण खान्देशात निम्मी कटकट इथेच असते. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या भागातून छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि चांगलंच वर, साधारण ५७ अंशांवर येतं. बाकी कंपन्यांचे उपग्रहही थोड्याफार फरकाने त्याच अंगाला. म्हणजे तुमच्या गावाच्या उत्तरेला सातपुडा उभा असला तरी त्याचा काही अडथळा नाही. आड येतो तो अंगणातला कडुलिंब. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानगळ झालेली असताना छत्री लावली तर चित्र छान दिसतं आणि पालवी भरली की अडकायला लागतं. म्हणून छपरावर उभं राहून आग्नेयेला बघा, आता काय आहे तेच नाही, पुढे काय वाढणार आहे तेही.

दुसरं वारं. मे-जूनमध्ये आपल्याकडे जे वादळ येतं, केळीचे उभे बाग आडवे करून जातं, ते छत्रीला सोडत नाही. छत्री पडायचीही गरज नसते. बोटभर फिरली तरी सिग्नल जातो. आमची पहिली छत्री पत्र्याच्या कडेला दोन स्क्रूंवर ठोकली होती. एका वादळात बागेचं नुकसान झालं, त्या गडबडीत आठवडाभर टीव्हीकडे कोणी बघितलंही नाही. नंतर छत्री सिमेंटच्या भिंतीत चार बोल्ट घालून बसवली आणि नेमकी दिशा दाखवणारी खूण खांबावर पक्क्या रंगाने ओढून ठेवली. आता फिरली तर शेजारचा मुलगाही खुणेला खूण लावतो.

जोरदार पावसात मात्र चित्र जाणारच, त्याला इलाज नाही. ज्या लहरींवर हे चालतं त्या पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. 'पानी उनं का चित्र गयं,' असं आई म्हणते आणि दळण निवडायला घेते. दहा-पंधरा मिनिटांत परत येतं. पण पाऊस थांबून तासभर झाला तरी येत नसेल तर छत्रीच्या टोकावरच्या एलएनबीजवळ (सिग्नल पकडणारा तो छोटा भाग) वायर जोडली आहे तिथे पाणी शिरलेलं असतं. बसवतानाच त्या सांध्यावर रबरी टोपी आणि चिकटपट्टी लावून घ्या, आणि वायर डब्याकडे येताना खाली एक झोल ठेवायला सांगा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. विजा कडाडायला लागल्या की प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढायची, हे आई-वडिलांना करून दाखवा.

इंटरनेटकडे येतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा विचार करत असाल तर तो सोडाच. साध्या दर्जाच्या चित्राला तासाला एक जीबीच्या आसपास आणि एचडीला तीन जीबीपर्यंत डेटा लागतो. दिवसाला दीड-दोन जीबीचा प्लॅन म्हणजे आईची संध्याकाळ अर्ध्यातच संपली. आणि त्याहून साधी गोष्ट: फोन वडिलांच्या खिशात, वडील शेतात, आई टीव्हीसमोर.

गावात फायबर आलं असेल तर गोष्ट निराळी. भारतनेट या सरकारी योजनेची वायर तुमच्या ग्रामपंचायतीपर्यंत आली आहे का, आणि तिथून घरी जोडून देणारा कोणी आहे का, ते ग्रामसेवकाला विचारा. नसेल तर ५जीवर चालणारी एअरफायबर सेवा, म्हणजे वायर न ओढता घरी येणारं इंटरनेट, पण त्यासाठी टॉवर जवळ हवा. तुमच्या गावी गेल्यावर छपरावर चढून फोनमध्ये ५जी दिसतं का, आणि संध्याकाळी आठ वाजता त्याचा वेग किती राहतो, ते बघा. दुपारी सगळीकडेच वेग मिळतो. आमच्याकडे एका कंपनीचं फायबर आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीने वायर तोडली तेव्हा जोडायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत घरात छत्री होती म्हणून निभावलं. केवळ इंटरनेटवर विसंबू नका म्हणतो ते याचसाठी. शिवाय फायबरचं भाडं आणि वर जिओहॉटस्टार, झी५ यांची वर्गणी धरली तर तुमचे ३०० केव्हाच ओलांडले जातात.

तरीही पुढेमागे परवडलं तर जरूर घ्या, कारण एक गोष्ट छत्रीवर मिळत नाही, ती म्हणजे आपली अहिराणी. यूट्यूबवर अहिराणी गाणी, नाटुकली, आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी इतकी आहेत की आप्पा आता रोज दुपारी तेच लावतात. स्वतःच्या बोलीत बोलणारी माणसं टीव्हीवर बघून त्यांचा चेहरा असा काही खुलतो की मला त्या बिलाचं काही वाटत नाही. त्यासाठी नवा टीव्ही लागत नाही. तुमच्या टीव्हीला एचडीएमआयची जागा असेल तर तिथे खोचून टीव्हीवर इंटरनेट दाखवणारी दोन-तीन हजारांची स्टिक पुरते. ती जोडली की सोर्स बटणाची अडचण पुन्हा येईल, म्हणून ती जमली तर दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीला लावा. प्रसार भारतीचं वेव्हज ॲपही मोफत आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात आलं. दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर दिसतात.

विजेचं म्हणाल तर ३२ इंची एलईडी टीव्ही ५० वॅटच्या आसपास घेतो, घरातल्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो. फक्त टीव्हीचा बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते बघा. आमच्याकडे पंखा आणि दिवाच होता, टीव्ही नव्हता.

शेवटी रिमोट. आमच्या रिमोटवर पन्नासेक बटणं, आणि आईला लागतात चार. तिने स्वतःच्या टिकल्यांच्या पाकिटातल्या दोन लाल टिकल्या काढून एक चालू-बंदच्या बटणावर आणि एक वाहिनी पुढे नेणाऱ्या बटणावर चिकटवली. आवाजाच्या बटणांना काही नाही, ती बोटाने ओळखते. टिकली महिन्याभरात निघते, मग नवी लावते. तुम्ही गेलात की हे करून द्या, आणि आवडत्या वाहिन्यांचे नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून टीव्हीशेजारी भिंतीवर लावा. खाली बसवणाऱ्या माणसाचा फोन नंबर.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी जाणार असाल तर तेव्हाच हे काम उरकून घ्या, वादळांच्या आधी. चार दिवस तिथे राहा आणि रोज संध्याकाळी टीव्ही आईलाच लावू द्या, तुम्ही हात लावू नका. अडकते कुठे ते तेव्हाच कळेल. छपरावरून आग्नेयेच्या बाजूचा एक फोटो इथे टाकलात तर छत्री कुठे बसवावी तेही सांगतो.