लूम असलेल्या घरातून जपानी डिझाइनकडे

प्रश्न : आमचे इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. मुलगी बारावी सायन्सला आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला तिला ‘अ’ श्रेणी होती. जपानी भाषेची एन-फाइव्ह परीक्षा ती पास झाली आणि आता जपानला जाऊन डिझाइन शिकायचं म्हणते. कुठलं डिझाइन विचारलं की ‘जपानी डिझाइन’ एवढंच उत्तर. धंदा मंदा आहे. तिनं इंजिनिअर व्हावं असं मला वाटतं. या क्षेत्रातली माणसं नेमकं काय काम करतात? त्यात पोट भरतं का?
— एक पालक, इचलकरंजी

नमस्कार,

तुमची शंका रास्त आहे. ‘जपानी डिझायनर’ अशी जागा कुठल्याच कंपनीत निघत नाही. जागा निघते ती कापडाच्या, गाडीच्या, खुर्चीच्या किंवा मोबाइलच्या डिझायनरची. देश कोणता हे लेकीनं ठरवलंय, पण हातात कुठली वस्तू घ्यायची हे अजून ठरलेलं नाही. आधी ते ठरू द्या.

तिकडची मोठी माणसं कुठून कुठून आली ते बघा. केंजी एकुआन हिरोशिमातल्या बौद्ध पुरोहिताच्या घरचे, स्वतःही धर्मदीक्षेचं शिक्षण घेतलेले. किक्कोमनची लाल झाकणाची सोया सॉसची बाटली त्यांची, १९६१ सालची. यामाहाच्या मोटारसायकलींचं रूपही त्यांच्या जीके या डिझाइन संस्थेनं घडवलं. वास्तुरचनाकार ताडाओ आंदो आधी मुष्टियुद्ध खेळायचे. वास्तुकलेची पदवी नसताना त्यांना त्या क्षेत्रातलं सर्वांत मानाचं प्रित्झ्कर पारितोषिक १९९५ मध्ये मिळालं. फॅशन डिझायनर योजी यामामोतो कायद्याचे पदवीधर. त्याच क्षेत्रातल्या रेई कावाकुबो यांनी फॅशनचं शिक्षण घेतलेलं नाही. त्या एका कापड कंपनीच्या जाहिरात विभागात होत्या. गुनपेई योकोई निन्तेन्दोत यंत्रांच्या देखभालीला लागले, तेव्हा ती पत्ते छापणारी कंपनी होती. पुढे त्यांनी तिथंच ‘गेम बॉय’ हा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घडवला. बँक ऑफ चायनाचं बोधचिन्ह करणारे हाँगकाँगचे कान ताय-कुंग आधी शिंपीकाम करायचे.

पण तुम्ही लेकीसोबत बसून माहिती काढावी असा माणूस म्हणजे जुनइची अराई. जन्म १९३२ चा, किर्यू गावचा. किर्यू हे गुन्मा प्रांतातलं विणकरांचं जुनं गाव. अराईंच्या घरचा कापडाचाच कारखाना होता, किमोनोवर बांधायच्या ओबी पट्ट्यांचा. ते मागाजवळच वाढले. धातूचे धागे कापडात कसे आणायचे यावर त्यांनी पेटंटं घेतली, संगणकावर आखलेली वीण जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, उतरवली. कापड असं निघालं की फॅशन डिझायनर इस्से मियाके आणि कावाकुबो दोघंही त्यांच्याकडून कापड विणून घेऊ लागले. १९८७ मध्ये ब्रिटनमधल्या ‘रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री’ या सन्मानाच्या मानद यादीत त्यांचं नाव आलं. तुमच्या घरात आज जे आहे, त्याच्याच जपानी रूपातून हा माणूस उभा राहिला. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. शेडचा आवाज, तुटलेला धागा जोडणारी बोटं, वहिफणीचं (ताण्याचे धागे ओवण्याचं) काम, सुताच्या नंबराची जाण, हे सगळं लहानपणापासून बघितलेली मुलं डिझाइनच्या वर्गात फार थोडी असतात.

अराईंनी १९८४ मध्ये टोकियोत ‘नुनो’ हा कापडाचा उद्योग सुरू केला. तो पुढे नेला मुसाशिनो कला विद्यापीठात शिकलेल्या रेइको सुदो यांनी. रेशमाचा किडा कोश विणायला घेतो तेव्हा पहिला धागा जाड आणि राठ निघतो. त्याला ‘किबिसो’ म्हणतात. यंत्रावर तो चालत नाही म्हणून टाकून द्यायचे. यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावच्या लोकांना सोबत घेऊन सुदोंनी त्याचं कापड काढलं. यात चित्र काढणं किती आणि सूत, यंत्र, माणसं यांच्याशी झटणं किती, हे लेकीला नीट दाखवा. ते बघूनही तिचा उत्साह टिकला तर ती या कामाची आहे.

आणखी एक उदाहरण जपानातल्याच इमाबारीचं. हे टॉवेलांचं गाव, आपल्या सोलापूरसारखं. स्वस्त आयात मालापुढे तिथले कारखाने बंद पडू लागले. २००६ मध्ये त्यांनी काशिवा सातो यांना बोलावलं. ते ग्राफिक डिझायनर, जाहिरात कंपनीतून आलेले. गावाच्या टॉवेलांना एकच चिन्ह मिळालं. पण ते लावायचं तर कापडाचा तुकडा पाण्यात टाकल्यावर पाच सेकंदांत बुडायला हवा, म्हणजे तेवढं पाणी शोषणारा हवा. हेही डिझाइनचंच काम, आणि मंदीत अडकलेल्या गावाला ते किती उपयोगी पडतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आता पोटाचं. नोकरी धरली तर भरतं. कापडाच्या डिझायनरला गिरण्या, निर्यातदार आणि घरसजावटीच्या कंपन्या घेतात. गाड्यांच्या कंपन्यांत सीटचं कापड, रंग आणि पोत ठरवणारा वेगळा विभाग असतो, त्याला सीएमएफ म्हणतात. कोरियाच्या मोबाइल आणि गाडी कंपन्यांतही हे काम मोठं आहे. स्वतःच्या नावानं स्टुडिओ काढायचा तर मात्र बरीच वर्षं दुसऱ्यांकडे काढावी लागतात, ते आधीच मान्य करा.

माझं स्पष्ट मत आहे की पदवी इथेच करावी आणि पुढचं शिक्षण जपानात. तिथल्या कला विद्यापीठांच्या प्रवेशाला रेखाटनाची तयारी लागते, शिकवणं बहुतेक जपानीत असतं, आणि एन-फाइव्ह ही सर्वांत खालची पातळी आहे. बरीच वरची एन-टू होईपर्यंत तिथल्या नोकरीचं बोलू नये. परीक्षेचं केंद्र पुण्यात आहे, तेव्हा भाषा सुटू देऊ नका. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती पदवीसाठीही असते, तिच्यात फी, भत्ता आणि आधी भाषेचं एक वर्ष मिळतं. जागा मोजक्या आहेत. अर्ज जरूर करा; मिळाली तर माझं वरचं मत बाजूला ठेवून तिला पाठवा.

इथे एनआयडी (डिझाइनची राष्ट्रीय संस्था) आणि निफ्ट (फॅशनची राष्ट्रीय संस्था) या दोन्हीकडे टेक्सटाइल डिझाइन आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात कापडाचा खास अभ्यासक्रम नाही, पण वस्तूंच्या डिझाइनकडे वळायचं असेल तर यूसीड ही डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा द्यावी. ती जानेवारीत होते, बारावीला बसलेली कुठल्याही शाखेची मुलं देऊ शकतात. तुमची इंजिनिअरिंगची इच्छाही वाया जायचं कारण नाही. तुमच्याच गावात डीकेटीई हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. टेक्सटाइलची बीटेक आणि मग सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एमडेस, म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, ही वाट मला तिच्यासाठी मनापासून आवडते. फक्त ती तिनं निवडू द्या.

तोवर एक करा. मंदीमुळे एखादा माग उभाच असेल तर सुट्टीत तो तिला द्या, सोबत एक जाणता कारागीर द्या. उरलेल्या सुतांतून तिनं हवे तसे नमुने काढावेत. प्रत्येक कात्रणाशेजारी सुताचा नंबर, ताणा, बाणा, तारीख आणि काय बिघडलं ते लिहून फाइलला लावावं. बिघडलेले नमुनेही ठेवायचे. पोर्टफोलिओ मागतील तिथे रंगवलेल्या चित्रांच्या आधी ही फाइल पुढे करायची.