मिरजेतला वेणास्वामींचा मठ नेमका कुणाचा?
वेणाबाईंचा, म्हणजे समर्थ रामदासांच्या शिष्येचा. माहेर कोल्हापूरचं, सासर मिरजेचं, आणि कोवळ्या वयातच वैधव्य. सतराव्या शतकात विधवेनं माजघराच्या अंधारात दिवस काढायचे, अशी रीत. समर्थांनी मात्र त्यांना चारचौघांत उभं राहून कीर्तन करायची मुभा दिली आणि पुढे मिरजेच्या मठाचं महंतपदही सोपवलं. मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं: बाई नुसती भक्तीण नाही, मठाची अधिकारी! ‘सीतास्वयंवर’ हे काव्यही त्यांचंच, जमलं तर जरूर वाचा. १६७८ साली त्यांनी सज्जनगडावर देह ठेवला. समाधी तिथंच आहे. चाफळ आणि सज्जनगडाचा कारभार पाहणाऱ्या अक्कास्वामींचीही समाधी गडावरच आहे. साताऱ्याला गेलात तर दोन्हींचं दर्शन घ्या.