मस्कतचा जन्मदाखला आणि अमेरिकेची व्हिसा सोडत

सप्रेम नमस्कार.

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला जन्म कोल्हापूरचा, वहिनींचा १९९४ सालचा मस्कतचा, मुलगी चार वर्षांची, आणि पुण्यातील एका सल्लागाराने ‘ग्रीन कार्डच्या लॉटरीत नाव घालून देतो’ असे सांगून चाळीस हजार रुपये मागितले आहेत. भारतीयांसाठी ही लॉटरी नाहीच, असे काही जण सांगतात आणि सल्लागार मात्र ‘तुमचे होईल’ म्हणतो, तेव्हा खरे कोणाचे धरावे, असे आपण विचारले आहे. मी याच मार्गाने २०१४ मध्ये न्यू जर्सीत आलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ही सोडत, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून कायम वास्तव्याचा परवाना (ग्रीन कार्ड) देणारा कार्यक्रम, तूर्त थांबवत असल्याचे जाहीर केले. ही सोडत १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने निर्माण झालेली असल्यामुळे तिला कायमचे मोडीत काढण्याचा अधिकार तेथील संसदेचा आहे. पण स्थगिती किती काळ राहील यावर आज कोणी पैसे लावू नयेत. ‘लवकरच सुरू होणार आहे, आगाऊ नोंदणी करून ठेवू’ असे जर तो सल्लागार म्हणत असेल, तर आगाऊ नोंदणी नावाचा प्रकार या योजनेत कधीच नव्हता, एवढे लक्षात ठेवावे. पुढे जे लिहितो आहे ते सोडत पुन्हा उघडली तर उपयोगी पडेल, आणि त्यातील एक भाग सोडत न उघडली तरीही उपयोगी पडेल.

आता आपल्या मूळ शंकेकडे वळतो. ज्या देशांतून गेल्या पाच वर्षांत ५० हजारांहून अधिक लोक कुटुंबाच्या किंवा नोकरीच्या मार्गाने अमेरिकेत स्थायिक झाले, त्या देशांना या सोडतीतून वगळले जाते. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, फिलिपीन्स आणि मेक्सिको अशाच कारणाने वगळलेले आहेत. मात्र येथे ‘देश’ म्हणजे पासपोर्टचा देश नव्हे, तर जन्माचा देश होय, आणि आपल्याकडच्या बहुतेक चर्चांमध्ये नेमका हाच मुद्दा निसटतो. आई-वडील नोकरीनिमित्त तात्पुरते मस्कतला राहत होते, त्यांचा आणि मुलीचा पासपोर्ट भारतीयच होता, तेथील नागरिकत्व मिळण्याचा प्रश्नही नव्हता, या सर्वांमुळे काही फरक पडत नाही. वहिनींचा जन्म ओमानमध्ये झाला, म्हणून त्या या हिशेबात ओमानच्या धरल्या जातात, आणि ओमान वगळलेल्या देशांच्या यादीत नाही. आखातात जन्मलेली, मग शिक्षणासाठी रत्नागिरी, सांगली किंवा ठाण्याला परत आणलेली आपल्या लोकांची कितीतरी मुले आज तिशी-चाळिशीत आहेत, आणि आपल्याला हा हक्क होता हे त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊकच नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझा स्वतःचा जन्म १९८४ मध्ये कुवेतमध्ये झाला. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर दीड लाखांहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणले गेले, त्यांत आम्हीही होतो. घरातील सर्व सामान तेथेच राहिले, पण आईने पासपोर्टांसोबत माझा अरबी जन्मदाखला एका कापडी बटव्यात घालून गळ्यात बांधला होता. चिपळूणला आल्यावर तो दाखला बावीस वर्षे ट्रंकेच्या तळाशी पडून होता. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये मी अर्ज भरला तेव्हाच तो बाहेर निघाला.

अर्ज कोणी भरावा, याचे उत्तर असे की दोघांनीही आपापला वेगळा भरावा. वहिनींनी स्वतःच्या जन्मदेशावर मुख्य अर्जदार म्हणून अर्ज करावा आणि त्यात आपले व मुलीचे नाव लिहावे. आपण आपल्या अर्जात पत्नीच्या जन्मदेशाचा आधार घ्यावा आणि त्यातही दोघींची नावे लिहावीत. नियमाने एका माणसाला एकच अर्ज करता येतो, पण पती आणि पत्नी ही दोन माणसे असल्यामुळे कुटुंबाला दोनदा संधी मिळते. आपल्या अर्जावर नाव लागले तर मात्र आपल्याला व वहिनींना व्हिसा एकत्रच मिळावा लागतो आणि अमेरिकेत प्रवेशही एकाच वेळी करावा लागतो, कारण आपली पात्रता त्यांच्यामुळे आहे. वहिनींच्या अर्जावर नाव लागल्यास तसे बंधन नाही. शिक्षणाची अट मुख्य अर्जदारापुरतीच असते: बारावी उत्तीर्ण, किंवा किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण लागणाऱ्या व्यवसायात गेल्या पाच वर्षांतील दोन वर्षांचा अनुभव.

कागदपत्रांविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण निवड झालेली माणसे येथेच अडकताना मी पाहिली आहेत. पहिला प्रश्न असा की वहिनींच्या पासपोर्टवर जन्मस्थळ म्हणून काय छापले आहे? आखातातून परतलेल्या काही कुटुंबांनी शाळेच्या प्रवेशाच्या वेळी अडचण नको म्हणून मुलाचे जन्मगाव सरळ आपले मूळ गाव लिहून टाकले, आणि काहींनी तर ग्रामपंचायतीतून दुसरा जन्मदाखलाही काढला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक गाव, पासपोर्टवर दुसरे आणि परदेशी दाखल्यावर तिसरे, असा प्रकार असेल तर मुलाखतीच्या टेबलावर तो खुलासा करण्याची वेळ येऊ देऊ नये. दुरुस्तीला महिने लागतात, म्हणून ती आताच सुरू करावी. मस्कतचा मूळ दाखला, त्याचे इंग्रजी प्रमाणित भाषांतर, आणि जन्माच्या वेळी भारतीय दूतावासात नोंद केली असल्यास त्या नोंदीचे प्रमाणपत्र, ही तिन्ही कागदपत्रे एकत्र ठेवावीत.

दुसरा प्रश्न नावांचा आहे. बारावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आपल्याकडे आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, शिवाय आईचे नाव निराळे छापतात. अरबी दाखल्यावर अनेकदा मुलीचे नाव आणि पुढे वडिलांचे नाव एवढेच असते. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आणि काही घरांत सासरी पहिले नावही बदललेले असते. महाराष्ट्रात हे इतके सवयीचे आहे की आपल्याला त्यात काही विसंगती दिसत नाही, पण परक्या अधिकाऱ्यासमोर ती चार वेगवेगळी माणसे ठरतात. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, नाव बदलले असल्यास शासकीय राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत, आणि सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार असावे. अर्जात नाव पासपोर्टवर आहे अगदी तसेच लिहावे.

प्रत्यक्ष अर्ज भरायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. तो अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या, म्हणजे पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही’ असलेल्या संकेतस्थळावरच भरला जातो. मी भरला तेव्हा तो पूर्णपणे विनामूल्य होता. २०२५ मध्ये १ डॉलर शुल्क लागू करण्याचा नियम झाला. छायाचित्र चौरस, ६०० बाय ६०० पिक्सेलचे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याविना आणि गेल्या सहा महिन्यांतले हवे. मागच्या वर्षीचेच पुन्हा जोडले तर अर्ज बाद होतो. पती किंवा पत्नी आणि २१ वर्षांखालील सर्व अविवाहित अपत्ये यांची नावे लिहावीच लागतात, ती सोबत येणार नसली तरीही. अर्ज दाखल झाल्यावर पडद्यावर जो पुष्टी क्रमांक येतो, तो कागदावर उतरवून घरात दोन ठिकाणी ठेवावा.

सल्लागाराला पैसे देऊ नका असे मी म्हणतो ते एवढ्यासाठीच नव्हे की चाळीस हजार रुपये एका डॉलरच्या कामासाठी जातात. खरा धोका हा पुष्टी क्रमांक त्याच्या हाती राहण्यात आहे. निकाल मे महिन्यापासून त्याच संकेतस्थळावर तो क्रमांक टाकूनच पाहावा लागतो. निवड झाल्याचे पत्र किंवा ई-मेल कोणालाही पाठवले जात नाही, आणि तसा ई-मेल आला तर तो फसवणुकीचाच समजावा. माझ्यासारखाच आखातात जन्मलेला एक मित्र आहे, त्याचा अर्ज एका दलालाने भरला होता. त्याची निवड झाली, पण क्रमांक दलालाकडे, आणि त्याने आधी अडीच लाख रुपये मागितले. पैसे दिल्यावर कळले की अविवाहित असलेल्या माझ्या मित्राच्या अर्जात एका अनोळखी मुलीचे नाव पत्नी म्हणून टाकलेले होते, कारण तिच्या घरच्यांकडूनही दलालाने पैसे घेतले होते. मित्राने सर्व खरे सांगितले, तरी अर्ज नामंजूर झाला. तो आजही देवरुखला आहे आणि या विषयावर बोलत नाही.

निवड झाली म्हणजे व्हिसा मिळाला असे नसते, ही गोष्ट म्हाडाच्या सोडतीची सवय असलेल्या आपल्या लोकांना पटवून देणे अवघड जाते. कायद्याने वर्षाला ५५ हजार व्हिसा ठरवलेले आहेत, त्यातून काही दुसऱ्या कारणांसाठी वजा होतात, आणि कोणत्याही एका देशाला एकूण व्हिसांच्या ७ टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. २०२५ च्या सोडतीत जवळपास २ कोटी पात्र अर्ज होते आणि कुटुंबीय धरून सुमारे १ लाख ३१ हजार जणांची निवड झाली, म्हणजे उपलब्ध व्हिसांच्या दुपटीहून अधिक. प्रत्येकाला खंडनिहाय क्रमांक मिळतो. ओमान आशियात मोडतो. दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये कोणत्या क्रमांकापर्यंतच्या लोकांना बोलावणार ते येते, आणि ३० सप्टेंबरला वर्ष संपले की उरलेले सर्व क्रमांक निरर्थक होतात. पुढच्या वर्षावर काहीही ढकलले जात नाही. माझा क्रमांक जूनमध्ये लागला. मे महिनाभर मी रोज रात्री हिशेब करीत असे, आणि वडील म्हणत, ‘अरे, आंब्याचा हंगाम आहे, जरा बागेत ये.’

निवडीनंतर डीएस-२६० हा सविस्तर अर्ज लगेच भरावा, त्यात दिरंगाई करू नये. भारतात राहणाऱ्यांची मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात होते. माझी तेथेच झाली. त्याआधी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी व लसी, आणि पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. सोळाव्या वर्षानंतर ज्या देशात बारा महिने किंवा त्याहून अधिक राहिलो तेथील पोलीस प्रमाणपत्रही मागतात, म्हणून वहिनी मस्कतहून कितव्या वर्षी परतल्या हे पाहावे. माझ्या वेळी दर माणशी ३३० डॉलर शुल्क होते आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नसे. तिघांचे ९९० डॉलर होतात. याखेरीज तपासणी, विमानभाडे, आणि मुख्य म्हणजे तेथे उतरल्यावरचे पहिले सहा महिने यांची तरतूद हवी, कारण या व्हिसासोबत नोकरी मिळत नाही. मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन आलो आणि पहिले चौदा महिने एडिसनजवळच्या गोदामात खोकी उचलली. माझी पत्नी आणि मुलगा त्या काळात चिपळूणलाच राहिले असते तर पैशांचा ताण कमी झाला असता, पण त्यांचे व्हिसाही त्याच ३० सप्टेंबरपूर्वी घेणे भाग होते, आणि मिळालेला व्हिसा साधारण सहा महिनेच चालतो.

आता तो भाग, जो सोडत न उघडली तरी आपल्या उपयोगाचा आहे. आपण सॉफ्टवेअरमध्ये आहात असे लिहिले आहे. उद्या एखाद्या कंपनीने आपल्यासाठी नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्डचा अर्ज केला, तर भारतात जन्मलेल्या माणसाची रांग किती लांब आहे हे पाहा: उच्चशिक्षितांच्या दुसऱ्या श्रेणीत २०२५ च्या मध्यावर २०१३ च्या आरंभापूर्वी अर्ज झालेल्यांचा क्रमांक लागत होता. पण पत्नीच्या जन्मदेशाचा आधार घेण्याची तरतूद याही मार्गाला लागू आहे. वहिनी आपल्यासोबत अर्ज करीत असतील तर आपल्याला ओमानच्या खात्यावर धरता येते, जेथे रांग त्या मानाने खूपच लहान असते. माझ्या मते सोडतीच्या नशिबापेक्षा आपल्या कुटुंबासाठी हाच भक्कम रस्ता आहे, आणि कंपनीच्या वकिलाला ही गोष्ट आपणहून सांगावी, कारण पत्नीचा जन्म कोठे झाला हे तो प्रत्येक वेळी विचारेलच असे नाही.

म्हणून या आठवड्यात एवढे करावे: वहिनींचा मूळ जन्मदाखला त्यांच्या माहेरी असेल तर तो स्वतः जाऊन आणावा, टपालाने मागवू नये, आणि सल्लागाराने ‘तपासणीसाठी’ मागितला तरी मूळ प्रत त्याच्याकडे ठेवू नये. दाखल्यावरील स्पेलिंग पासपोर्टशी ताडून पाहिल्यावर काही फरक आढळला तर मला कळवावे. माझ्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका अक्षराने चुकले होते, आणि ते निस्तरताना कोणकोणते कागद लागले त्याची यादी माझ्याकडे अजून आहे.