'पेस' म्हणजे पाऊल, चाल, वेग की दम?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अर्धमॅरेथॉनच्या सरावाचे इंग्रजी वेळापत्रक मराठीत आणताना 'पेस ६:३०' अशी नोंद येते. तिथे 'वेग ६:३०' लिहिले तर वाचणारा गोंधळतो आणि 'गती' लिहिले तरी गोंधळ तसाच राहतो. शिवाय वेगवान गोलंदाजाचा 'पेस', नाटकाच्या तालमीतला 'पेस' आणि हृदयरोग्याचा 'पेसमेकर' यांचा एकमेकांशी संबंध आहे का, आणि असेल तर या सर्वांना मिळून एक मराठी शब्द का सापडत नाही, असेही विचारले आहे.

संबंध आहे. एक शब्द मात्र सापडणार नाही, कारण इंग्रजीतला हा शब्द मुळात वेगाचा नसून पावलाचा आहे. लॅटिनमध्ये 'पान्देरे' म्हणजे पसरणे, ताणणे. त्यावरून 'पास्सुस' म्हणजे चालताना फाकलेल्या पायांतले अंतर, अर्थात पाऊल, आणि हाच शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन 'पेस' झाला. रोमन लोकांचा पास्सुस दुहेरी असे. एक टाच जिथून उचलली तिथपासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतचे ते अंतर, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन पावले. ते पाच रोमन फुटांचे, सुमारे १.४८ मीटर, धरले जाई. असे हजार पास्सुस झाले की एक रोमन मैल होई. 'मिल्ले पास्सुस' या जोडीतला 'हजार' सांगणारा 'मिल्ले' तेवढा पुढे टिकला आणि आपल्या 'मैल' या शब्दाचे मूळही त्यातच आहे. इंग्लंडने १५९३ मध्ये कायद्याने मैल ५,२८० फुटांचा ठरवला, तेव्हा त्या मापाचा पावलांशी असलेला संबंध संपला, पण शब्दात तो अजून आहे. 'कंपास' हा शब्दही पावलांनी मोजत जाण्याच्या क्रियेवरूनच आलेला आहे, म्हणजे शाळेच्या कंपासपेटीतही हा पास्सुस बसलेला आहे.

हा पावलाचा अर्थ इंग्रजीत आजही जिवंत असल्यामुळे भाषांतर करताना आधी तो तपासावा. एखादा माणूस दहा 'पेस' दूर उभा असेल तर तो 'दहा पावलांवर' उभा आहे. जमीन 'पेस' करून पाहिली असेल तर ती 'पावलांनी मोजली' आहे. शस्त्रक्रियागृहाबाहेर कोणी 'पेस' करीत असेल तर तो 'येरझारा घालतो' आहे. या शेवटच्या ठिकाणी 'फेऱ्या मारतो' हे चालवून घेता आले तरी कमी पडते, कारण येरझारा या शब्दात अस्वस्थता आहे आणि इंग्रजी क्रियापदातही नेमकी तीच आहे. उलट जेवणानंतरच्या शतपावलीला 'पेस' म्हणता येणार नाही. तिच्यातही येणे आणि जाणे आहे, पण काळजी नाही.

पावलावरून चालण्याच्या वेगाकडे हा शब्द कसा गेला, हे कवायतीच्या मैदानावर स्पष्ट दिसते. ३० इंचांचे एक, अशी मिनिटाला १२० पावले टाकली की माणूस मिनिटात ३०० फूट, म्हणजे तासाला साधारण साडेपाच किलोमीटर जातो. पावलाची लांबी ठरली, त्याचा ठेका ठरला की वेग आपोआप ठरतो, आणि संपूर्ण तुकडीला तो राखता येतो. माझ्या मते 'पेस'चा गाभा इथे आहे. 'स्पीड' हा कोणत्याही वस्तूचा मोजलेला वेग असतो. 'पेस' हा बहुधा कोणीतरी धरलेला, राखलेला, बदललेला किंवा दुसऱ्यासाठी ठरवून दिलेला वेग असतो. दगड दरीत पडतो तेव्हा त्याला 'स्पीड' असतो, 'पेस' नसतो.

आता धावण्याचा 'पेस'. इथे अडचण केवळ शब्दाची नाही, मापाचीही आहे. वेगात अंतराला वेळेने भागतात, तर धावपटूच्या 'पेस'मध्ये वेळेला अंतराने भागतात. म्हणून 'पेस ६:३०' म्हणजे एका किलोमीटरला ६ मिनिटे ३० सेकंद, आणि तोच वेग म्हणून सांगायचा तर ताशी सुमारे ९.२ किलोमीटर. ताशी १० किलोमीटर म्हणजे ६ मिनिटांचा 'पेस', ताशी १२ म्हणजे ५ मिनिटांचा. वेगाचा आकडा वाढतो तसा 'पेस'चा आकडा घटतो, आणि म्हणूनच 'पेस वाढवा' हे वाक्य मराठीत घातक आहे. एका वाचकाला ते 'जोरात धावा' असे कळेल आणि आकड्यांकडे पाहणाऱ्या दुसऱ्याला 'साडेसहाऐवजी सात मिनिटे घ्या' असे कळेल.

धावपटूंनी हे उलटे माप धरले आहे त्याला कारण आहे. ६:३० या आकड्याला अर्धमॅरेथॉनच्या २१.०९७५ किलोमीटरने गुणले की ती २ तास १७ मिनिटांत संपणार हे लगेच कळते. शिवाय एक किलोमीटर ६ मिनिटांत आणि दुसरा ७ मिनिटांत झाला तर दोन्हींचा मिळून 'पेस' ६:३० हे तोंडी सांगता येते. ताशी वेगांची अशी सरळ सरासरी काढली तर उत्तर चुकते. तेव्हा हे माप मराठीत जसेच्या तसे यायला हवे, आणि त्यासाठी 'वेग', 'गती', 'चाल' यांपैकी एकही शब्द निरपवाद नाही. आपल्या शालेय विज्ञानाने या तिघांना पारिभाषिक अर्थ देऊन ठेवले आहेत: गती म्हणजे हालचाल, चाल म्हणजे एकक वेळेत कापलेले अंतर, आणि वेग म्हणजे तेच अंतर विशिष्ट दिशेने. 'चाल ६:३०' लिहिणारा नववीच्या विद्यार्थ्याला बरोबर उलटे सांगेल. म्हणून तक्त्यातल्या रकान्याला मी 'दर किलोमीटरची वेळ' असे नाव देईन. ते लांब आहे, पण त्याचा दुसरा अर्थ होऊ शकत नाही. सूचनांच्या वाक्यांत मात्र 'चाल वाढवा', 'चाल आवरा', 'याच चालीने शेवटपर्यंत जा' असे खुशाल लिहावे, कारण तिथे आकडा नसतो आणि रोजच्या मराठीतला चाल हा शब्द पावलाच्या सर्वांत जवळचा आहे. धावणाऱ्यांच्या आपसातल्या बोलण्यात 'पेस' रुळलेला आहे, तो काढून टाकण्याची मला गरज वाटत नाही.

क्रिकेटमध्ये या शब्दाचे जवळजवळ सगळे अर्थ एकाच मैदानावर भेटतात. गोलंदाज षटक टाकण्यापूर्वी यष्ट्यांपासून पाठमोरा चालत आपल्या धावेची पावले मोजतो आणि शेवटच्या पावलावर खूण करतो. ती मोजणी हा पहिला 'पेस', अंतराचा. मग तो चेंडू टाकतो तो दुसरा 'पेस', चेंडूच्या वेगाचा. याच अर्थाने चेन्नईत १९८७ मध्ये सुरू झालेल्या संस्थेला 'एमआरएफ पेस फाउंडेशन' असे नाव आहे. ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली तिथे मार्गदर्शक होते आणि श्रीरामपूरचा झहीर खान तिथेच घडला. मराठीत या अर्थासाठी 'वेगवान', 'द्रुतगती' आणि 'मध्यमगती' हे तीन शब्द पक्के बसलेले आहेत. बाळ ज. पंडित यांचे आकाशवाणीवरचे समालोचन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना क्रिकेटसाठी मराठी अपुरी पडते असे कधी वाटले नसेल. तिसरा 'पेस' खेळपट्टीचा. खेळपट्टी जागची हलत नाही, पण टप्पा पडल्यावर चेंडूचा वेग ती किती टिकू देते त्यावर तिला वेगवान किंवा संथ म्हणतात. 'खेळपट्टीचा वेग' यापेक्षा 'खेळपट्टी संथ आहे', 'चेंडू बॅटवर येत नाही' अशी मराठी वाक्ये अधिक नेमकी आहेत.

चौथा अर्थ मला सर्वांत मोलाचा वाटतो. फलंदाज आपला डाव 'पेस' करतो, म्हणजे कुठे थांबायचे, कुठे एकेरी धावांवर भागवायचे आणि कुठे हात मोकळे सोडायचे हे ठरवून खेळतो. वृत्तपत्रांत याचे भाषांतर 'डावाला गती दिली' असे झालेले दिसते, ते साफ चुकीचे आहे. गती देणे म्हणजे धावा वाढवणे, आणि इथे तर कित्येकदा त्या मुद्दाम रोखलेल्या असतात. मराठीत यासाठी 'डाव बांधला' हा सुंदर प्रयोग आहे. 'दमाने खेळला' हेही चालेल.

या 'दमाने'कडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. इंग्रजीत धावपटूला, परीक्षार्थीला, आजारातून उठलेल्या माणसाला स्वतःला 'पेस' करायला सांगतात. शब्दशः भाषांतर केले तर 'स्वतःची गती नियंत्रित करा' असे निर्जीव वाक्य हाती येते. घरातली कोणतीही वडीलधारी बाई त्याच प्रसंगी 'दमानं घे' म्हणते. इंग्रजीने पाऊल धरले आणि मराठीने श्वास, पण दोन्हींतला सल्ला एकच: शक्ती शेवटपर्यंत पुरेल अशी वापरा. काम पसरलेले असेल तर 'बेताबेताने करा', चढण असेल तर 'दम खात चढा'.

घोड्याच्या बाबतीत हा शब्द आणखी बारीक होतो. व्यापक अर्थाने घोड्याची कोणतीही चाल 'पेस' असते, आणि विकत घेण्यापूर्वी त्याला सगळ्या चाली चालवून बघण्यावरूनच एखाद्या माणसाचा किंवा यंत्राचा 'कस पाहणे' या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार आला. संकुचित अर्थाने मात्र 'पेस' ही एक ठरावीक चाल आहे, जिच्यात एका बाजूचे पुढचे आणि मागचे पाय एकदम पडतात. उंट तसा पळतो. दुडक्या चालीत याउलट समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय जोडीने पडतात. मारवाडी घोड्यांची 'रेवाल' ही 'पेस'च्या अगदी जवळची चाल आहे, स्वाराला न हिंदकळवणारी. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्याची ही चाल पाहूनच पुढची बोलणी होतात. तेव्हा घोड्याविषयीच्या मजकुरात 'पेस' दिसला की 'वेग' लिहून पुढे जाऊ नये.

रंगभूमीवरचे लोक 'प्रयोगाचा पेस पडला' म्हणतात, तेव्हा नट सावकाश बोलले असा त्याचा अर्थ नसतो. भरभर बोलूनही प्रयोग रेंगाळू शकतो. एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतची जागा उगाच लांबली की तो पडतो. इथे 'लय' हा शब्द मला योग्य वाटतो, कारण विलंबित असो की द्रुत, लय सैल पडली की ऐकणाऱ्याला ती खटकतेच.

'पेसमेकर' आधी शर्यतीतला. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला रॉजर बॅनिस्टर यांनी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल धावला, तेव्हा ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे यांनी आलटूनपालटून पुढे राहून चाल धरून दिली होती. व्हिएन्नात १२ ऑक्टोबर २०१९ रोजी एलिउड किपचोगे दर किलोमीटरला सुमारे २:५० या 'पेस'ने मॅरेथॉनचे अंतर दोन तासांच्या आत धावले, ते ४१ साहाय्यक धावपटूंच्या आळीपाळीच्या सोबतीने, आणि अशा सोबतीमुळेही तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही. हृदयालाही ठोके चुकू लागले की ठेका धरून देणारा कोणी लागतो, म्हणून त्या यंत्राला हेच नाव मिळाले. शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला गेला. हा शब्द मराठीने आहे तसाच घेतला आहे आणि तो तसाच ठेवावा.

कशाच्या तरी बरोबरीने 'पेस' राखण्याचा वाक्प्रचार बातम्यांत 'गती राखणे' असा उतरतो, तो टाळावा. 'पगारवाढीने महागाईशी गती राखली नाही' यापेक्षा 'महागाई वाढली तसा पगार वाढला नाही' हे वाक्य कोणालाही कळते. काळाबाबत 'काळाबरोबर चालणे' आहेच.

शेवटी एक सावधगिरी. विद्वत्तापूर्ण इंग्रजी लेखनात एखाद्या व्यक्तीच्या नावाआधी याच अक्षरांचा (pace) शब्द बहुधा तिरक्या ठशात येतो. त्याचा उच्चार 'पेसी' किंवा 'पाचे' असा करतात, आणि पावलाशी त्याचा काहीही संबंध नाही. तो 'शांती' या अर्थाच्या 'पाक्स' या लॅटिन शब्दाचे रूप आहे. लेखक त्या व्यक्तीशी असहमत आहे, पण आदराने, एवढेच तो सांगतो. तिथे 'अमुक यांच्या मताचा आदर राखून' असे लिहावे.