आईला डिमेन्शिया आहे, मेंदूचा रक्तपुरवठा कमी आहे म्हणतात. रक्त पातळ करायची गोळी दिली तर आठवण परत येईल का?

नाही. पण प्रश्न रास्त आहे. वडिलांच्या आजारपणात मीही हाच हिशेब मांडून बसलो होतो, आणि मी तर शरीरक्रियाशास्त्र शिकवतो.

आपल्या डोळ्यांसमोर नळ असतो: तुंबला, साफ केला, पाणी सुरू. मेंदूचं काम पाटाच्या पाण्यासारखं चालतं. वजनाने शरीराच्या 2 टक्के असलेला हा अवयव सुमारे 20 टक्के ऑक्सिजन खातो, आणि साठा जवळपास शून्य. म्हणून तहानलेल्या वाफ्याचं दार लगेच उघडावं लागतं. हे दारं धरण्याचं काम चेतापेशीच करतात. कामाला लागल्या की त्या नायट्रिक ऑक्साइडसारखी रसायनं सोडतात, शेजारच्या ॲस्ट्रोसाइट पेशी निरोप पुढे पोचवतात आणि काही सेकंदांत रक्तवाहिनी रुंदावते. मेंदूच्या तळातून निघून वरच्या थरात पसरणारे ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडणारे चेतातंतूही वाहिन्या सैल करतात. अल्झायमरमध्ये नेमके हेच झडू लागतात. त्यात भर म्हणजे केशवाहिन्यांना मिठी मारून बसलेल्या पेरिसाइट पेशी बीटा-ॲमिलॉइड या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनामुळे आवळतात. त्रिज्या 10 टक्क्यांनी घटली तरी प्रवाह एक तृतीयांशाने घटतो, कारण हे गणित चौथ्या घाताचं आहे.

गोळी फक्त गुठळी होऊ देत नाही ('पातळ' हा शब्दच फसवा आहे). आवळलेली पेरिसाइट ती सोडवत नाही. मात्र स्ट्रोक किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी लिहून दिली असेल, तर आपल्या मनाने बंद करू नका.

त्यापेक्षा एक तपासा. वडिलांना ल्युई बॉडी डिमेन्शिया होता. सकाळी पलंगावरून उठले की शून्यात बघत. काही विचारलं तर ओठ हलत, शब्द येत नसे. आम्ही समजलो, आजार वाढला. एकदा झोपलेले असताना आणि मग उभं करून 3 मिनिटांच्या आत रक्तदाब मोजला, तर वरचा आकडा 140 वरून थेट 95. उभं राहताच वाहिन्या आवळून दाब सावरणारी स्वायत्त चेतासंस्थाच थकली होती. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा आणि वेळ बदलली, आम्ही त्यांना आधी पाय खाली सोडून पाच मिनिटं बसवू लागलो. विसरणं तसंच राहिलं, पण सकाळचं ते बधिर होणं बरंच उतरलं. तुमच्या आईंचाही वरचा आकडा उभं राहिल्यावर 20 किंवा जास्त घसरत असेल, तर नोंदी डॉक्टरांना दाखवा. मोजताना शेजारी कुणीतरी धरायला हवं.