आईला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ट्रामाडोल दिलंय, सवय लागेल का?

तुम्ही लिहिलंय की आईला ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी दिलीय, शेजारीण ‘ती नशेची गोळी’ म्हणाली, आणि आता आई रात्रभर कण्हते पण गोळीला हात लावत नाही. वाचून जीव तुटला. सोलापुरात पूर्व भागात माझं मेडिकल आहे. हीच भीती घेऊन काउंटरवर खूप जण येतात.

शेजारीण अगदीच चुकीचं बोलली नाही. ट्रामाडोल अफूच्या कुळातलंच, पण कारखान्यात बनवलेलं औषध आहे. जर्मनीत १९६२ साली तयार झालं, १९७७ मध्ये तिथे बाजारात आलं. आपल्याकडे नशेसाठी वापर वाढला म्हणून २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. त्यामुळे आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही. पण ऑपरेशननंतर थोडे दिवस, लिहून दिलंय तेवढंच घेतलं तर व्यसन लागण्याची शक्यता कमी असते. महिनोन्महिने घेतलं की शरीर सरावतं. मग एकदम बंद केल्यास घाम सुटतो, झोप उडते, म्हणून डोस हळूहळू उतरवावा लागतो.

मला सवयीपेक्षा जास्त काळजी वाटते ती याची, की आई सोबत आणखी काय घेते?

गेल्या वर्षी एक विडी कामगार मावशी आल्या. मांडीवर सूप घेऊन वर्षानुवर्षं वाकून बसल्यामुळे कंबर गेलेली, वजन जेमतेम चाळीस किलो. ‘अण्णा, लवकर द्या’ म्हणत ट्रामाडोल-पॅरासिटामॉलच्या अशाच गोळीची चिठ्ठी पुढे केली. मी कॅरीबॅग दाखवायला सांगितली. आत दुसऱ्या दवाखान्याची फ्लुओक्सेटिनची, म्हणजे मन उदास असताना देतात त्या गोळीची, स्ट्रिप होती आणि दिवसातून तीनदा घ्यायचं पॅरासिटामॉल ६५०. नव्या गोळीत पॅरासिटामॉल ३२५ होतंच. दोन्ही मिळून दिवसाला तीन ग्रॅमच्या घरात जात होतं, एवढ्या वजनाच्या बाईला ते जास्तच. फ्लुओक्सेटिनचा धोका त्याहून मोठा. ट्रामाडोलचं लिव्हरमध्ये जास्त ताकदीच्या पदार्थात रूपांतर होतं, आणि दुखणं मुख्यतः तोच पदार्थ दाबतो. हे काम सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम करतं. फ्लुओक्सेटिन त्यालाच अडवतं, म्हणून आराम कमी पडतो. शिवाय ट्रामाडोल स्वतःही मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतं आणि फ्लुओक्सेटिनही वाढवतं. त्यातून हातपाय थरथरणं, ताप, भ्रम, प्रसंगी फिट. मी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी लगेच औषध बदललं.

म्हणून आईच्या सगळ्या गोळ्या एकदा पलंगावर ओता आणि त्यांचा फोटो डॉक्टरांना पाठवा. मन उदास होतं म्हणून चालू असलेली गोळी, झोपेची गोळी, फिटची गोळी यातलं काही असेल तर आधी सांगा. शुगर असेल तरी सांगा, कारण ट्रामाडोलने कधीकधी साखर खाली जाते. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. मोठ्या माणसाला ट्रामाडोल साधारणपणे दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ३०० च्या वर नाही. आईच्या एका गोळीत ट्रामाडोल बहुतेक ३७.५ मिलिग्रॅम असेल, स्ट्रिपवर बघून घ्या.

पहिले काही दिवस मळमळेल, गरगरेल. रात्री बाथरूमला एकटीला उठू देऊ नका, नव्या गुडघ्यावर पडणं फार महागात जातं. शौचाला कडक होईल, त्याचं औषध डॉक्टरांकडून आधीच मागून घ्या. हाक मारूनही उठत नसेल किंवा श्वास फार सावकाश चालला असेल तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. उरलेल्या गोळ्या कपाटात कुलपात ठेवा. घरात बारा वर्षांखालचं मूल असेल तर नक्कीच, त्यांना ही गोळी देतच नाहीत.

आईला एवढं सांगा, की दुखतं म्हणून पाय हलवला नाही तर गुडघा आखडतो. गोळीचा असर तासाभरात सुरू होतो. डॉक्टरांना विचारून व्यायाम घेणारे यायच्या तासभर आधीची वेळ ठरवून घ्या, त्या दिवशी पाय किती वाकला ते आईला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या.